कोथरूड-कर्वेनगरात रोजची सायकल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूड, कर्वेनगर आणि एरंडवण्यातून आमच्या गटाकडे पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला जाणाऱ्यांना माहिती द्यायला पुण्यात पुष्कळ मंडळी आहेत. आमचा भर दूध, भाजी, शाळा, क्लास, मेट्रो स्टेशन आणि ऑफिस यांवर आहे. रस्त्यांवर सायकली वाढायच्या असतील, तर त्या या छोट्या फेऱ्यांनीच वाढतील.

पुण्याच्या रहदारीत सायकल चालवणं सुरक्षित आहे का?

अगदी सुरक्षित आहे, असं आम्ही सांगणार नाही. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मरण पावली. भीती वाटणं चुकीचं नाही. पण धोका सगळ्या रस्त्यांवर सारखा नसतो आणि तो बऱ्याच अंशी दोन गोष्टींवर ठरतो : तुमच्या शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा वेग आणि तुम्ही निवडलेला मार्ग.

आधी वेगाचं बघू. गाडीचा वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटरवर गेला, तर धडकेतली ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही त्याच हिशेबाने वाढतं. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मधल्या, रस्ते सुरक्षेच्या जागतिक परिषदेच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि सायकलस्वार गाड्यांमध्ये मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असं म्हटलं आहे. सायकलस्वाराने कितीही काळजी घेतली, तरी अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग त्याच्या हातात नसतो. ती जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची आणि रस्ता आखणाऱ्याची आहे. सगळा सल्ला सायकलवाल्यालाच द्यायचा, ही पद्धत आम्हाला मान्य नाही.

मार्ग मात्र तुमच्या हातात असतो. कर्वे रोडने डेक्कनला जायची सवय दुचाकीमुळे लागलेली असते. सायकलला तो रस्ता घ्यायलाच हवा असं नाही. कर्वेनगरातून राजाराम पुलाच्या बाजूने डीपी रोड धरून म्हात्रे पुलाकडे येता येतं. नळ स्टॉपच्या पुढे प्रभात रोडच्या गल्ल्या आहेत. पाच मिनिटं जास्त लागतील, पण वाटेत सावली मिळते आणि बसच्या चाकाशेजारून जावं लागत नाही. नव्या माणसाबरोबर आम्ही आधी त्याचा मार्ग ठरवतो, सायकलचं नंतर बघतो.

रस्त्याच्या अगदी कडेने चालवावी ना?

डावीकडून चालवा, पण कडेला चिकटू नका. नव्या सायकलस्वाराच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे, आणि घरातली वडीलधारी मंडळी प्रेमाने देत असलेला सल्लाही नेमका हाच असतो.

काठावर वाळू असते, काचा असतात, चेंबरची झाकणं खाली-वर असतात. काही ठिकाणी पावसाळी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवलेल्या असतात आणि त्यात बारीक टायर सरळ आत जातो. शिवाय तुम्ही कडेला दबून चाललात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, याच्या शेजारून जायला जागा आहे. मग तो वीतभर अंतर ठेवून निघून जातो. काठापासून सुमारे एक मीटर सोडून, सरळ रेषेत चालवा. मग मागच्याला तुम्हाला ओलांडण्यासाठी नीट बाजूला व्हावं लागतं.

उभ्या मोटारींच्या बाबतीतही हेच अंतर पाळा. मोटारीचं दार किती बाहेर येतं ते एकदा डोळ्यांनी मोजून बघा. लॉ कॉलेज रोड, भांडारकर रोड अशा ठिकाणी रांगेत मोटारी उभ्या असतात. त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका. असं नागमोडी चालवलं, की मागच्याला तुम्ही कधी दिसता, कधी दिसत नाही.

वळायच्या आधी मागे बघा, हात दाखवा, आणि मगच सरका. मोठ्या चौकात उजवीकडे वळायची धास्ती वाटत असेल, तर उतरा आणि झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हातात धरून पलीकडे जा. यात कमीपणा काही नाही.

बस आणि ट्रकचं काय करायचं?

चौकात थांबलेल्या बसच्या किंवा डंपरच्या डाव्या बाजूने पुढे शिरू नका. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी हे पान लिहिल्याचं सार्थक होईल. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला त्याच्या डाव्या कुशीला असलेली सायकल दिसत नाही. तो डावीकडे वळतो तेव्हा पुढचं चाक लांबून जातं आणि मागचं चाक आतून, कोपरा कापत येतं. पुढचं चाक गेलं म्हणजे आपण सुटलो, असं वाटतं तेव्हाच मागचं चाक अंगावर येतं. मागे थांबा. हिरवा दिवा लागून ती गाडी गेल्यावर निघा. चालकाचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

बांधकामं चालू असलेल्या रस्त्यांवर, म्हणजे सध्या आपल्या जवळपास सगळ्याच भागात, मिक्सर आणि डंपरची ये-जा असते. अशा गल्लीला दुसरी गल्ली असेल तर तीच घ्या.

सायकल ट्रॅक असताना तुम्ही लोक मुख्य रस्त्यावरून का जाता?

हा प्रश्न बहुतेक वेळा मोटारीच्या खिडकीतून येतो. तरी नीट उत्तर देतो.

पुण्यात सायकल ट्रॅकची कल्पना नवी नाही. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी (बससाठी वेगळी मार्गिका) सुरू झाली, तेव्हाही त्या आखणीत सायकल ट्रॅक होते. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. सायकल ट्रॅक कसा असावा, याची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिकाही आहे. कागद कमी नाहीत.

चालवणाऱ्याला ट्रॅककडून फार थोडं हवं असतं : तो सलग असावा, गुळगुळीत असावा आणि चौकात गायब होऊ नये. आपल्याकडच्या ट्रॅकवर पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात, मध्येच विजेचा डीपी बॉक्स येतो, पुढे दुचाकी लावलेल्या असतात, आणि प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी ट्रॅक खाली उतरून पुन्हा वर चढतो. शंभर मीटरमध्ये चार वेळा उतरावं लागलं की माणूस रस्त्यावर येतो. त्यात हट्ट नसतो.

जिथे ट्रॅक चालण्याजोगा आहे, तिथे जरूर वापरा. फक्त प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेग पायी चालण्याइतका कमी करा, कारण आत वळणाऱ्या मोटारीला ट्रॅकवरून कोणी येईल याची कल्पना नसते. आणि ट्रॅकवरून स्कूटर नेणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे : फुटपाथ किंवा सायकल ट्रॅकवर मोटार वाहन चालवायला नियमांनी मनाई आहे.

पुणे म्हणजे काही ॲमस्टरडॅम नव्हे. इथे हे जमणार आहे का?

ॲमस्टरडॅमही पूर्वी असं नव्हतं. १९७१ मध्ये नेदरलँड्ससारख्या लहानशा देशात रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांनी रस्ते अडवले, आणि पुढे कित्येक वर्षांत तिथले रस्ते हळूहळू बदलले.

आणि पुण्याला तर हे नवं शिकायचंही नाही. सायकलींचं शहर म्हणून आपली ओळख होती. तासावर भाड्याने सायकली मिळायच्या, सायकलवर कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला लावावा लागायचा. डबलसीट जाताना किंवा रात्री बिनदिव्याचं जाताना पोलिसाने पकडल्याचे किस्से तुमच्या घरातल्या आजोबांना विचारा, ते तासभर सांगतील. प्राध्यापक, कारकून, कामगार आणि कॉलेजातल्या मुली एकाच रस्त्यावर सायकलीवरून जात. गाड्या आल्या, अंतरं वाढली, हे खरं. पण कर्वे पुतळ्यापासून डेक्कन आजही साधारण चार किलोमीटरवरच आहे.

हेल्मेट सक्तीचं आहे का?

सायकलसाठी कायद्याने सक्ती नाही. दुचाकीच्या हेल्मेटचं कलम मोटार वाहनांना लागू आहे. तरीही घाला, असं आम्ही सांगतो. मुलांच्या बाबतीत तर हटकूनच. मात्र हेल्मेट नाही म्हणून भाजीला सायकलवर जायचं सोडू नका.

घेताना ईएन १०७८ हे सायकल हेल्मेटचं युरोपीय मानक किंवा त्यासारखं दुसरं मानक आतल्या लेबलवर छापलेलं आहे का ते बघा. समोरची कडा भुवयांच्या दोन बोटं वर यावी, पट्ट्या कानाखाली एकत्र याव्यात आणि हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढील असावी. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट समोरून पडताना उपयोगाला येत नाही. एकदा जोराचा मार बसला की ते बदला, वरून तडा दिसत नसला तरी.

आणि दिवे?

हेल्मेटच्याही आधी दिवे घ्या. पडल्यावर डोकं वाचावं म्हणून हेल्मेट असतं, धडकच होऊ नये म्हणून दिवा असतो. मागे लाल, पुढे पांढरा, शिवाय मागचा लाल परावर्तक. पुढचा दिवा जमिनीकडे थोडा झुकवा, समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका. चार्जिंगचा दिवा नेमका गरजेच्या दिवशी मान टाकतो, म्हणून परावर्तक काढून टाकू नका. पेडलवरचे पिवळे परावर्तक विशेष उपयोगी असतात. ते वर-खाली हलतात, त्यामुळे लांबूनच ही सायकल आहे हे कळतं.

जे आधीपासून सायकलीवरच आहेत, त्यांच्यासाठी तुम्ही काय करता?

हा प्रश्न आम्हाला फार कमी लोक विचारतात. तो जास्त लोकांनी विचारायला हवा.

सायकलचा प्रसार म्हटलं की डोळ्यांसमोर महागड्या सायकली आणि रंगीत जर्सी येतात. पण पहाटे पाचला पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून वारज्याकडे परतणारे वॉचमन काका, बांधकामावर जाणारे गवंडी, हे लोक ऊन-पावसात रोज सायकल चालवतात. त्यांच्या वेळा अंधाराच्या असतात, सायकली जुन्या असतात आणि त्यांना रस्ता निवडायची मुभा नसते. आपल्या भागात सायकल सुरक्षित करायची, तर सुरुवात यांच्यापासून व्हायला हवी.

तुमच्या सोसायटीत हे लगेच करता येईल. वॉचमन आणि सफाई कामगारांच्या सायकलींना मागचा दिवा आणि परावर्तक पट्टी लावून द्या. जवळच्या सायकल दुकानदाराला एक सकाळ बोलवा आणि ब्रेकचे रबर, केबल, चेन यांचं काम वर्गणीतून करून घ्या. त्यांच्या सायकलींना आत, छपराखाली जागा द्या. कित्येक सोसायट्यांत त्या फाटकाबाहेर उभ्या असतात, आणि आत सभासदांच्या हवा गेलेल्या सायकली वर्षानुवर्षं धूळ खात असतात.

मुलाला एकट्याने शाळेत कधी पाठवावं?

वय विचारू नका, मूल काय करू शकतं ते बघा. एका हाताने सायकल सरळ चालवता येते का? मागे वळून बघताना सायकल वाकडी जाते का? समोर अचानक काही आलं तर दोन्ही ब्रेक एकदम दाबता येतात का? मोटार किती वेगाने येते आहे याचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही, आणि हा अंदाज नुसत्या सांगण्याने येतही नाही. महिनाभर त्याच रस्त्याने बरोबर चालवा. आधी तुम्ही पुढे, मग मूल पुढे आणि तुम्ही मागे.

शेजारपाजारची पाच-सहा मुलं एकाच शाळेत जात असतील, तर पालकांनी पाळी लावावी. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मध्ये मुलं. ठरलेली वेळ, ठरलेले थांबे. असा घोळका रस्त्यावर दिसला की रिक्षावालेही वेग कमी करतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. शिवाय शाळेच्या दारातली मोटारींची गर्दी तेवढी कमी होते. ती गर्दी हाच शाळेजवळचा सगळ्यात मोठा धोका असतो.

दप्तर पाठीवर नको, कॅरिअरला बांधा. हँडलला डबा किंवा पिशवी लटकवू नका, ती पुढच्या चाकात अडकते.

माझं वय पन्नासच्या पुढे आहे, कधीच शिकले नाही. आता जमेल का?

जमेल. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. लहानपणी भावाला सायकल मिळाली, हिला नाही, असं त्यांच्यातल्या बऱ्याच जणी सांगतात.

मागून कॅरिअर धरून पळणारा शिक्षक विसरा. त्याच्या हातामुळे तोल तुम्हाला कळतच नाही. पद्धत अशी : सीट एवढी खाली घ्या की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. दोन्ही पेडल काढून टाका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते सोडवायला पाना उलट्या दिशेने फिरवावा लागतो. मग अगदी सौम्य उतारावर बसून पायांनी ढकलत चला. सुरुवातीला पावलं छोटी पडतील, मग लांब पडायला लागतील, मग दोन्ही पाय उचलून थोडं घसरता येईल. सायकल ज्या बाजूला झुकते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, हेच तोलाचं सारं गमक आहे. ते हाताला आपोआप कळतं, फक्त नजर चाकाकडे नको, समोर लांब ठेवा. घसरणं निर्धास्त जमलं, की पेडल पुन्हा लावा. ब्रेक मात्र पहिल्या मिनिटापासून शिका.

काहींना हे एका सकाळी येतं, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. पंजाबी ड्रेस चालतो, ओढणी घट्ट खोचून घ्या. साडी नेसून चालवायची असेल तर चेन कव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड असलेली, दांडी खाली असलेली सायकल घ्या. सोसायटीतली कोणी हसली, तर तिलाही घेऊन या.

कोणती सायकल घेऊ?

रोजच्या कामासाठी मडगार्ड, स्टँड, कॅरिअर आणि घंटी असलेली साधी सायकल. जाड टायरची, पुढे-मागे सस्पेन्शन असलेली सायकल दिसायला दणकट असते, पण रस्त्यावर जड जाते. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट वर घ्या. गुडघेदुखीच्या निम्म्या तक्रारी सीट फार खाली ठेवल्यामुळे येतात, असं आमचं मत आहे.

ई-सायकलला लायसन्स लागतं का?

मोटर २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, शिवाय योग्य ब्रेक आणि पुढे-मागे परावर्तक, या अटींत बसणारी सायकल मोटार वाहन मानली जात नाही. म्हणून नोंदणी नाही आणि लायसन्सही नाही. दुकानदार वेगाची मर्यादा काढून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्यानंतर ती बिननोंदणीची मोटार ठरते, आणि अपघात झाला तर सगळंच तुमच्या अंगावर येतं.

बावधन, भूगावकडे राहणाऱ्यांना चढासाठी ती उत्तम. चांदणी चौकातल्या पुलांवर आणि जोडरस्त्यांवर मात्र बाजूने वेगाने गाड्या येऊन मिसळतात. तिथे नवख्याने जाऊ नये.

पावसाळ्यात बंद ठेवावी का?

गरज नाही. पण पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, झेब्रा पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, त्यांच्यावर वळू नका आणि ब्रेकही मारू नका. रिंगवर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात, ते आधीपासून हलके दाबून पाणी पुसून घ्या. डबकं दिसलं तर त्याखाली खड्डा आहे असंच धरा. रेनकोट अंगाबरोबरचा हवा, झुलणारा नको. छत्री धरून एका हाताने चालवणं तर नकोच. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला भिडे पूल बंद होतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

कुत्री मागे लागली तर?

पळू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये धरा आणि हळू चालत पुढे जा. बहुतेक कुत्री फिरणाऱ्या चाकामागे धावतात.

मेट्रोत सायकल नेता येते का?

पुणे मेट्रोत सायकल नेता येते. ऑफिसच्या गर्दीची वेळ टाळा आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना विचारून लिफ्ट वापरा. रोज जाणाऱ्यांनी वनाझ किंवा आनंदनगरपर्यंत सायकलने जाऊन ती तिथेच लावणं जास्त सोयीचं. कुलूप चाकाला लावू नका, फ्रेम आणि खांब एकत्र बांधा.

अपघात झाला तर काय करायचं?

रस्त्यावरून बाजूला व्हा, पण मान किंवा पाठ दुखत असेल तर माणसाला हलवू नका. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस. गाडीचा नंबर लगेच मोठ्याने म्हणा म्हणजे कोणाच्या तरी लक्षात राहील, आणि जमलं तर फोटो घ्या. डोक्याला मार लागला असेल आणि नंतर उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर रात्र काढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

बघ्यांना पोलिसांच्या चौकशीची धास्ती असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, आणि त्याच्यावर स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. हे शेजाऱ्यांना आवर्जून सांगा.

मोटार वाहनाने धडक दिली असेल, तर मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरता मिळू शकतात. त्यासाठी पोलिसांना कळवणं महत्त्वाचं. धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे. वाहन सापडलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. तो सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. सायकलचा विमा नाही म्हणून आपल्याला काही मिळणार नाही, असं समजून बरेच कामगार गप्प बसतात. दावा धडक देणाऱ्या गाडीच्या विम्यावर असतो.

माझ्या गल्लीत काहीतरी बदलायचं आहे. कुठून सुरुवात करू?

छोट्या, दाखवता येणाऱ्या गोष्टीपासून. ‘सायकलस्नेही शहर करा’ असं निवेदन फायलीत पडून राहतं. ‘या चौकातल्या जाळीच्या पट्ट्या आडव्या करा, हे फोटो आणि ही जागा’ या अर्जावर काम होण्याची शक्यता पुष्कळ जास्त. एका संध्याकाळी पाचजणांनी आपल्या रस्त्याची पाहणी करा : उभ्या जाळ्या, बंद पथदिवे, खचलेली झाकणं, वाढलेल्या फांद्यांनी झाकलेले फलक. यादी क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घेतली जातात. त्या मुदतीत सायकल स्टँड, दिवे किंवा शाळेजवळचा गतिरोधक सुचवता येतो. गतिरोधक सुचवताना काठाशी सायकल जाईल एवढी फट ठेवायला सांगा.

जुनी सायकल पडून आहे. कोणाला द्यायची असेल तर?

आधी ती चालती करून घ्या. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर बदला, रिंगचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या, चेनला तेल घाला. मग तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना किंवा त्यांच्या मुलीला हवी आहे का, ते विचारा. उंची बघून सीट बसवून द्या आणि सोबत कुलूप व मागचा दिवा द्या. लहान मुलांच्या सायकली आमच्याकडे आणून दिल्यात तरी चालतील, शिकवण्याच्या वर्गात त्या कायम कमी पडतात.